न्याहारीचे ताट आणि मनाची धास्ती

अभ्यासासाठी शास्त्रभाग : योहान 21:1–14, मत्तय 6:25–34, रोमकरांस पत्र 14:1–4



या तिमाहीचा पाठ आलूबोंड्यापासून सुरू होतो. पाठाला हे शोभेल का, असे घरच्यांनीही विचारले. पण जे घडले ते तिथूनच घडले, म्हणून तिथूनच सांगतो.

बाभुळगावात राहणाऱ्याला सकाळची न्याहारी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात, तिथल्या टपऱ्यांवर सातच्या आधीच कढई चढते. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून कांदा आणि शेव, शेजारी गरम आलूबोंडा, तळलेली मिरची, शेवटी कट चहा. शाळेत नोकरीला असताना आणि निवृत्तीनंतरही, जवळजवळ तीस वर्षे माझी सकाळ अशीच गेली. ओळखीची माणसे तिथे भेटत. कोणाच्या कपाशीला किती भाव आला, बेंबळा धरणाचे पाणी कालव्याला सोडले की नाही, कोणाची मुलगी पास झाली, हे सगळे त्या बाकड्यावर कळे. त्या खाण्यात आनंद होता आणि तो खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

जून 2025 मध्ये चक्कर आली म्हणून तपासणी केली. रक्तदाब 160/100, तीन महिन्यांची साखर 7.8. डॉक्टरांनी शांतपणे गोळ्या लिहून दिल्या आणि तळलेले, खारट व गोड कमी करा म्हणून सांगितले. ते ‘कमी करा’ म्हणाले होते. मी ऐकले ते ‘मराल’.

नेमक्या त्याच दिवसांत, जुलैमध्ये, वर्तमानपत्रांत नागपूरच्या एम्सची बातमी आली. समोसा, जिलेबी, वडापाव यांत किती तेल आणि किती साखर असते ते सांगणारे फलक तिथे लागणार, अशी ती बातमी होती. आमच्या टपरीवर तिचे रूपांतर लगेच ‘आता आलूबोंड्यावर सिगारेटच्या पाकिटासारखं चित्र येणार’ असे झाले. दोन-चार दिवसांत केंद्र सरकारने खुलासा केला. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा कोणताही आदेश नाही, कार्यालयांमध्ये लोकांना माहिती मिळावी एवढीच ती सूचना आहे, असे त्यात म्हटले होते. खुलासा फार थोड्यांनी वाचला. मी वाचला, पण भीती गेली नाही.

त्यानंतर माझे जे झाले ते सांगायला थोडी लाज वाटते. मी ताटाकडे शत्रूकडे पाहावे तसे पाहू लागलो. दुसऱ्यांच्या ताटाकडेही. लग्नघरी बसलो की कोण किती पुऱ्या घेतो ते मोजायचो. उपासनेनंतरच्या चहाबरोबर एका बहिणीने प्रेमाने केलेली सांभारवडी आणली, तेव्हा मी सर्वांदेखत तेलावर भाषण दिले. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने बिस्किटे आणली.

माहिती मात्र मी भरपूर गोळा केली होती आणि ती चुकीची नव्हती. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि उच्च रक्तदाब असलेले 31 कोटींहून अधिक. तज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे माणशी वर्षाला 12 किलो तेल पुरे. नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालात प्रत्यक्ष वापर 19 किलोंच्या पुढे दिसतो. मी घरचा हिशेब काढला. आम्ही दोघेच, तरी पाच लिटरची कॅन महिन्यात संपत होती. म्हणजे माणशी महिन्याला सव्वादोन किलो, वर्षाला 27 किलो, आणि टपरीवरचे वेगळे! हा आकडा पाहून हिने कॅन उचलून वरच्या फळीवर ठेवली. ते योग्यच झाले.

चूक पुढे झाली.

आपल्या सेवाकार्यातल्या वसतिगृहात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. बहुतेक मुले कोलाम आणि गोंड समाजाची, पोडांवरून आलेली. एके दिवशी विज्ञानात आहाराचा धडा होता. मी पुस्तक बाजूला ठेवले आणि माझीच कथा सांगितली. फळ्यावर रक्तवाहिनीचे चित्र काढले, आत खडूने चरबी भरली आणि तेलाने नस बंद होते, माणूस मरतो असे सांगितले. मुले गप्प बसून ऐकत होती. पाठ छान झाला असे मला वाटले.

सप्टेंबरमध्ये आरोग्य तपासणी झाली. सहावीतल्या एका कोलाम मुलाचे वजन जूनमध्ये 27 किलो होते, ते 25 भरले. हिमोग्लोबिन 9. या भागात सिकलसेलची शंका आधी घेतात, म्हणून तीही तपासणी झाली. ती निर्दोष निघाली. आठवड्याची लोहाची निळी गोळी तो घेत होता, जंताची गोळीही झाली होती. मग काय? स्वयंपाकाच्या मावशीला विचारले तेव्हा कळले, की तो दोन महिन्यांपासून रविवारची पुरी घेत नाही. भाजीवरचा तवंग चमच्याने काढून ताटाच्या कडेला ठेवतो. अंड्याची पोळीही नको म्हणतो, कारण ती तेलावर टाकतात.

मी त्याला जवळ बसवून विचारले. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “सर, तुमीच म्हणलं होतं ना, तेलानं नस बंद होते. माहा आजा छातीत दुखूनच गेला.”

मला उत्तर सुचेना. मावशीला मात्र सुचले. दारातूनच ती म्हणाली, “सर, पथ्य डॉक्टरनं तुमाले सांगतलं हाय, पोराले नाही. त्याच्या आंगावर मास तरी हाय काय?”

तिचे म्हणणे मी नंतर कागदावर मांडून पाहिले. वसतिगृहात 40 मुले आहेत आणि महिन्याला 15 किलोचा एक डबा लागतो. म्हणजे एका मुलाला दिवसाला साडेबारा ग्रॅम, जेमतेम तीन लहान चमचे. माझ्या घरात माणशी रोज सुमारे 75 ग्रॅम जात होते. एक ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम भातातल्या पिठूळ भागातून 4. ज्याचे पोट लहान आणि भूक मोठी, डोंगर चढून जो शाळेत येतो, त्या वाढत्या मुलाला हीच गोष्ट आधार असते. अ आणि ड जीवनसत्त्वेही स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतात. आपल्याच राज्यात आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना डिसेंबर 2015 पासून चालते, ती उगाच नाही. तिथली चिंता ताट भरण्याची आहे. मी माझ्या भरलेल्या ताटाची चिंता त्या मुलाच्या अर्ध्या ताटात नेऊन टाकली होती.

त्या रात्री मत्तयाचा सहावा अध्याय पुन्हा वाचला. काय खावे, काय प्यावे याची चिंता करू नका, असा त्याचा आशय आपल्याला पाठ आहे. आजवर मी तो मधुमेह्यांसाठी दिलासा म्हणून वाचत होतो. पण प्रभूसमोर डोंगरावर बसलेली माणसे कोण होती? रोजंदारीवाले, कोळी, कर्जात बुडालेले शेतकरी. उद्या खायला असेल का, ही त्यांची चिंता. जास्त खाल्ल्याची चिंता त्यांना ठाऊक नसावी. त्यांना प्रभूने पित्याकडे पाहायला सांगितले. माझी भीती वेगळ्या जातीची आहे, ती भरल्या घरातून येते. तिला या अध्यायात दिलासा आहेच, पण तो मागताना आधी मला शेजाऱ्याची चिंता पाहावी लागेल, असे मला वाटते.

आणि मग योहानाचा एकविसावा अध्याय. शास्त्रातली माझी सर्वांत आवडती न्याहारी तीच. सात शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने काठाकडे येत आहेत. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, जवळ भाकर. (तळलेली नाही, भाजलेली; हे मी मुद्दाम सांगत नाही, पण लक्षात आले हे खरे.) पुनरुत्थान पावलेला प्रभू थकलेल्या माणसांना न्याहारीला बोलावतो. कोळशाचा विस्तव योहानाच्या शुभवर्तमानात दोनदाच येतो. पहिला अठराव्या अध्यायात, जिथे शेकत उभे राहून पेत्राने प्रभूला नाकारले. पेत्राला तो वास नक्कीच आठवला असेल. त्याची चूक सर्वांना ठाऊक होती आणि तिच्याविषयी बोलायचेही होते. तरी प्रभूने आधी खाऊ घातले. खाणे झाल्यावर मग प्रेमाविषयीचा तो अवघड प्रश्न तीनदा विचारला.

मी याच्या उलट केले होते. ताटावर बसलेल्यांना आधी प्रश्न विचारले, आणि खाणे तसेच राहून गेले. सांभारवडी आणणाऱ्या बहिणीचे, त्या मुलाचे, आणि खरे तर माझेही, कारण त्या तीन महिन्यांत मी एकही घास उपकार मानून खाल्ला नव्हता. प्रार्थना करायचो, पण डोळे मिटून मनात कॅलरी मोजायचो.

पौल रोमच्या मंडळीला लिहितो, की सर्व काही खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. तिथला वाद वेगळा होता हे खरे. पण न खाणाराही न्यायाधीश होऊन बसू शकतो, हे पौलाला माहीत होते. पथ्यवाल्याचा अहंकार खादाडापेक्षा कमी नसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

याचा अर्थ डॉक्टर चुकीचे आणि आलूबोंडा बरोबर असा कोणी काढू नये. माझ्या गोळ्या चालू आहेत. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचे-पापडही धरायचे. घरी सकाळी ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कधी अंबाडीची भाजी. हे आपल्या वऱ्हाडचेच जुने अन्न, ते पथ्य म्हणून परत आले एवढेच. तेलाची कॅन आता अडीच महिने पुरते. टपरीवर मी जातो, पोहे साधे घेतो, आणि पंधरवड्यातून एकदा एक आलूबोंडा. टपरीवाल्या भाऊंशी कढईतल्या तेलाविषयीही बोललो, पण या वेळी भाषण दिले नाही. तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक द्रव्ये वाढतात. फेस येणारे, काळे पडलेले, चिकट झालेले, लवकर धूर सोडणारे तेल फेकावे. वापरलेल्या तेलाची मर्यादाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून ठरवून दिली आहे. ते म्हणाले, “फेकाले परवडत नाही, सर.” मग स्वतःच म्हणाले, कढई लहान करतो. लहान कढईत तेल कमी लागते आणि उरतही नाही. ही युक्ती मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती.

मंडळीच्या गटात हा पाठ घेताना एक गोष्ट करून पाहावी. आपल्या घरी महिन्याला किती तेल लागते ते प्रत्येकाने माणशी हिशेबाने लिहून आणावे. मग शेजारी वसतिगृहाचा वरचा हिशेब लिहावा. दोन्ही आकड्यांवर बोलावे, पण चहाबरोबर जे काही खायला असेल ते खाऊन झाल्यावर.

त्या मुलाशी मला पुन्हा बोलावे लागले. एका संध्याकाळी फळ्यावर तेच चित्र काढले आणि सर्व मुलांसमोर सांगितले, की हे माझ्या वयाच्या आणि माझ्यासारखे खाणाऱ्या माणसाचे चित्र आहे, तुमचे नाही. मी तुम्हाला चुकीच्या वेळी चुकीचा धडा शिकवला. आजोबांचे काय झाले होते ते डॉक्टरांनाच माहीत, पण पुरीमुळे तू मरणार नाहीस, असे त्याला वेगळे बसवून सांगितले. त्याला लगेच पटले असे नाही. पुढचे दोन रविवार त्याने पुरीला हात लावला नाही. मावशीने आग्रह केला नाही, फक्त त्याच्या वाट्याच्या पुऱ्या झाकून ठेवत गेली.

तिसऱ्या रविवारी मी मुलांच्या पंगतीत बसलो. मला ज्वारीची भाकर वाढली होती. तो शेजारी होता. ताटात दोन पुऱ्या पडल्या, त्याने माझ्याकडे पाहिले, मग मावशीकडे. एका पुरीचा तुकडा मोडून बटाट्याच्या भाजीत बुडवला. दुसरी पुरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाला, “अर्धीनं काही होत नाही ना, सर?”

मी ती खाल्ली. डिसेंबरच्या तपासणीत त्याचे वजन 28 किलो भरले.