बाराखडीच्या आधी शब्द

पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवायचं ठरलं की भिंतीवर ‘अ’ ते ‘ज्ञ’चा तक्ता लागतो, मग बाराखडीचं पाठांतर सुरू होतं. यात कित्येक महिने जातात आणि तोवर मुलाला वाचण्यासारखं एक वाक्यही मिळत नाही. बाराखडी घडाघड म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच ‘कू’वर बोट ठेवून विचारा. पुष्कळ मुलं ‘क, का, कि’ अशी सुरुवातीपासून म्हणत तिथवर येतात. चाल पाठ झालेली असते, अक्षराची ओळख झालेली नसते. म्हणून थोडी अक्षरं आणि लगेच अर्थाचे शब्द, हा क्रम मला योग्य वाटतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून मराठी वाचन शिकवण्याची पद्धत रुजवली, ती याच विचाराची.

सुरुवात कानांपासून करा. ‘म’ने सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू शोधायच्या, शब्दातला शेवटचा आवाज ओळखायचा. हे जमू लागलं की म, क, न, र, ल, त ही सहा अक्षरं आणि काना घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर कार्डं करा. एवढ्यातून काका, मामा, कान, नाक, ताक, रात, मका, तारा हे शब्द होतात. ‘मामा, काम कर’, ‘काका, नाक लाल!’ अशी वाक्यंसुद्धा होतात. पहिल्या आठवड्यात स्वतः वाचलेल्या वाक्यावर मूल हसलं, तर दुसऱ्या दिवशी ते आपणहून कार्डं घेऊन येतं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

‘क ला काना का’ असं मात्र म्हणवून घेऊ नका. ‘का’ हा एकच आवाज, तो एकदम ओळखता यायला हवा. ‘घर’ वाचताना मूल शेवटचा ‘र’ लांबवत असेल, तर ‘आपण बोलताना कसं म्हणतो?’ एवढंच विचारा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ लिहिताना एकच, उच्चारताना वेगळा. तिथेही नियम न सांगता शब्दाच्या अर्थाकडे वळवा.

कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्यावी: मी, ती, मामी, काकी, माती. पहिली वेलांटी थोडी थांबू द्या. ती अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर, यात मुलं गोंधळतात. शिवाय ‘आणि’, ‘नि’सारखे मोजके शब्द सोडले तर मराठीत शब्दाच्या शेवटी दीर्घच येतं, त्यामुळे दुसऱ्या वेलांटीवर बरंच काम भागतं. भ-म, घ-ध, थ-य या दिसायला जवळच्या जोड्या एकाच गटात घेऊ नका. जोडाक्षरं सर्वांत शेवटी.

लेखनाचा क्रम वाचनापेक्षा वेगळा असू शकतो. पूर्वीपासून चालत आलेला ‘ग म भ न’ हा क्रम वळणांच्या सारखेपणावर बेतलेला आहे आणि हाताला सोपा जातो. आधी फरशीवर खडूने मोठं, मग पाटीवर, वही नंतर. पण गिरवणं म्हणजेच लेखन असं मानू नका. मुलाने सांगितलेली दोन वाक्यं त्याच्याच बोलीत, ‘व्हतं’ म्हटलं तर ‘व्हतं’च, तुम्ही लिहा आणि त्याला वाचायला द्या. पुढे ते स्वतः ‘माझि आइ’ असं लिहील, तेव्हा लाल शाई बाजूला ठेवा. त्याने मनातलं कागदावर उतरवलं आहे, आधी ते वाचा.

व्याकरणासाठी स्वयंपाकघरात चला. तीन टोपल्यांवर तो, ती, ते अशी कार्डं लावा आणि भांडी वाटायला सांगा: तो चमचा, ती वाटी, ते ताट. मग अनेक करा: चमचे, वाट्या, ताटं. मग ‘चमच्याने खा’, ‘ताटात वाढ’. मूल ‘चमचाने’ म्हणालं तर ते नियम शोधतं आहे. तुम्ही ‘हो, चमच्यानेच खाऊ’ म्हणा, बास. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना हा खेळ जास्त दिवस लागतो. लिंग, वचन, सामान्यरूप ही नावं तिसरीपर्यंत नाही सांगितली तरी काही अडत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ सातव्या-आठव्या वर्षी घ्या, तेही जोड्यांनी: फूल-फुलाला, मूल-मुलाला, गरीब-गरिबाला. दहा-बारा जोड्या शेजारी लिहिल्या की पुढे काही जोडलं की दीर्घाचं ऱ्हस्व होतं, हे मूलच सांगतं. या टप्प्यावर माधुरी पुरंदरे यांचं ‘लिहावे नेटके’ पालकांनी जवळ ठेवावं, आणि रात्री मोठ्याने वाचून दाखवायला त्यांचीच ‘राधाचं घर’ची पुस्तकं. मूल स्वतः वाचू लागलं तरी हे वाचून दाखवणं थांबवू नका.