माती वाळायच्या आत धुवा

नाशिकची जानेवारीतली थंडी, घरात लग्नकार्य आणि पार्लरमध्ये माझ्या चेहऱ्यावर मुलतानी मातीचा जाड थर. त्यात लिंबू पिळलेलं, वर पंखा फुल. गाल ओढायला लागले, तोंड हलवलं की थराला भेगा पडायला लागल्या, तसा मी पॅक काढायला सांगितला. "ताई, कडक वाळू द्या, तेव्हाच मळ निघतो," असं उत्तर मिळालं. माती निघाली तेव्हा गाल लालबुंद झाले होते आणि साधं पाणीही झोंबत होतं. नाकाच्या कडेची साल पुढे कितीतरी दिवस निघत राहिली.

त्वचेच्या डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं, ते पॅक लावणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असायला हवं. मुलतानी माती तेल ओढून घेते. पूर्वी लोकरीतला तेलकटपणा काढायला याच जातीची माती वापरत. तेलकट चेहऱ्याला म्हणूनच ती मानवते. पण ती कडक वाळली की त्वचा कोरडी पडते आणि ताणली जाते. कोरड्या त्वचेला हे सोसत नाही, थंडीत तर नाहीच. लिंबाचं आणखी वेगळं. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते ३, म्हणजे तो कितीतरी जास्त आम्लधर्मी. शिवाय तो रस चेहऱ्यावर राहिला आणि ऊन लागलं, तर फोड येऊन काळे डाग पडू शकतात.

म्हणून एवढं सांभाळा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी माती लावा आणि एक दिवस वाट पाहा. खाज नाही, लाली नाही, तरच चेहऱ्याला लावा. तेलकट त्वचेला गुलाबपाण्यात कालवा. कोरडीला शक्यतो नकोच, लावायचीच तर दूध किंवा दही घालून, पातळ थर. डोळ्यांभोवती आणि ओठांजवळ लावू नका. थराच्या कडेचा रंग फिका पडू लागला की कोमट पाण्याने भिजवून, न घासता धुवा आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. आठवड्यातून एकदा पुरे. मुरमांसाठी डॉक्टरांचं मलम चालू असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय लावू नका.

माती घेतानाही डोळसपणे घ्या. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये मुलतानी मातीसारख्याच बेंटोनाइट मातीच्या काही उत्पादनांत शिसं आढळल्यामुळे ती वापरू नका, असा इशारा दिला होता. सुटी, बेनामी पुडी टाळा; पाकिटावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख पाहा. भुकटी कालवताना नाकातोंडात जाऊ देऊ नका.

आणि पार्लरमध्ये चेहरा झोंबू लागला, तर भीड बाळगू नका. "आत्ताच्या आत्ता धुवा," असं स्पष्ट सांगा. चेहरा आपला आहे.