अप्पांना तूच नेलं होतंस ना?

काल रात्री साडेअकराला फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हाच वाटलं, काहीतरी बिनसलंय. आधी तू नुसती रडलीस. मग म्हणालीस, ‘ताई, घरच्या ग्रुपवर परत तो लशीमुळे हृदयविकार होतो म्हणणारा व्हिडिओ आलाय. आणि नणंदबाईंनी खाली लिहिलंय, अप्पांना बूस्टर टोचायला कोणी नेलं होतं ते आठवा जरा.’ अप्पा शेजारच्या खोलीत, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तू कुजबुजत होतीस, त्यामुळे बोलायचं सगळं राहूनच गेलं. आता दुपारची कामं आवरून लिहायला बसलेय. चहा करून घे आणि सावकाश वाच.

आधी तारखा बघू या. अप्पांचा तिसरा डोस एप्रिल २०२२ मधला. छातीत दुखलं ते ऑगस्ट २०२४ मध्ये. मध्ये सव्वादोन वर्षं गेली गं! तेवढ्यात त्यांनी पंढरपूर केलं, नातवाच्या मुंजीत पंगतीत वाढायला उभे राहिले. वय एकाहत्तर, साखर पंधरा वर्षांपासूनची, तंबाखू अजून सुटलेला नाही. अँजिओप्लास्टी करताना डॉक्टरांनी तुला हेच सांगितलं होतं ना? मग ते एका व्हिडिओने पुसलं कसं जाईल?

आणि तो व्हिडिओ काय म्हणतो तेही नीट बघ. त्यात दोन वेगळ्या गोष्टींचं कालवण केलंय. एक कोविशिल्डची. २०२४ च्या एप्रिलअखेरीस बातमी आली, की अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलं, फार क्वचित या लशीने रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात. बातमी खरीच होती, पण नवी नव्हती. युरोपच्या औषध नियामकांनी २०२१ च्या एप्रिलमध्येच तसं सांगितलं होतं. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही १७ मे २०२१ रोजी आकडा दिला होता: कोविशिल्डच्या दर दहा लाख डोसमागे गुठळ्यांच्या ०.६१ घटना. हा त्रास होतो तो लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, आणि बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतर. सव्वादोन वर्षांनी अप्पांच्या शिरेत सापडलेला अडथळा त्यातला नाही.

दुसरी गोष्ट हृदयाला सूज येण्याची. तीही खरी आहे, पण ती प्रामुख्याने फायझर आणि मॉडर्नाच्या लशींशी जोडलेली, त्यातही तरुण मुलग्यांमध्ये जास्त. या दोन लशी आपल्याकडच्या मोहिमेत दिल्याच गेल्या नाहीत. राहिली ती व्हिडिओतली नाचता नाचता कोसळणारी तरुण पोरं. त्यांच्याबद्दल आयसीएमआरने ४७ रुग्णालयांमधून अभ्यास केला, १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा. लशीने धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे दवाखान्यात राहावं लागलेल्यांत, घराण्यात असे मृत्यू झालेल्यांत, अति दारू पिणाऱ्यांत आणि झेपणार नाही एवढा व्यायाम करणाऱ्यांत.

आता खरं सांगू का? लशीने कुणालाच काही झालं नाही, असं मी तुला कधी म्हणणार नाही. मुलगी गमावलेले आईवडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. त्यांच्या घरी ०.६१ हा आकडा नेऊन दाखवायची हिंमत माझ्यात नाही, आणि कुणीच ती करू नये. पण त्यांचं दुःख उचलून ते अप्पांच्या नावावर चिकटवणं, आणि त्याहून पुढे जाऊन तुझ्या माथी मारणं, हे मला अजिबात मान्य नाही.

नणंदबाईंवर मात्र एकदम चिडू नकोस. लोकांचा विश्वास का उडाला, त्यालाही कारणं आहेत बघ. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचा निकाल हातात नव्हता. पुढे तो आला, चांगला आला, पण घाई लोकांच्या लक्षात राहिली. कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग मे महिन्यात बारा ते सोळा. नेमकी तेव्हाच लशीची टंचाई. केंद्राबाहेर पहाटे पाचपासून रांगा, आणि आत ‘आज लस उपलब्ध नाही’ची पाटी. लोक म्हणाले, माल संपला म्हणून अंतर वाढवलं. आता गंमत बघ, अंतर वाढवल्याने ही लस जास्त चांगलं काम करते याचा पुरावा खरोखरच होता. टंचाईही खरीच होती. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या असत्या तर आपण समजून घेतलं असतं. आपण काय कुक्कुली बाळं आहोत का?

तिसऱ्या डोसचा तर नावापासूनच गोंधळ. सगळं जग बूस्टर म्हणत होतं, आपल्याकडे ‘प्रिकॉशन डोस’. १० जानेवारी २०२२ ला तो सुरू झाला, आधी डॉक्टर-नर्स, पोलिसांसारखे कर्मचारी आणि आजार असलेले साठीपुढचे यांना. एप्रिलमध्ये अठरापुढच्या सगळ्यांना मोकळा केला, पण साठीच्या आतल्यांनी खासगीत जाऊन घ्यायचा, २२५ रुपये आणि वर दीडशेपर्यंत टोचण्याचे. मग १५ जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रांवर फुकट. अंतर आधी नऊ महिने, मग सहा. एवढं बदलत गेल्यावर साध्या माणसाने काय समजायचं? शेवटी देशात पहिला डोस १०२ कोटींहून जास्त लोकांनी घेतला, दुसरा ९५ कोटींनी, आणि तिसरा २२ कोटींच्या आसपास.

खरं तर बूस्टर आपल्याला नवा नाहीच. तुझ्या धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड काढ. दीड वर्षाच्या सुमाराला ट्रिपलचा बूस्टर, पाचव्या वर्षी परत एक. तेव्हा तू एक शब्द विचारला नाहीस, फक्त ताप येईल म्हणून पॅरासिटामॉलची बाटली आणून ठेवलीस. बूस्टर म्हणजे पाढ्यांची उजळणी गं. शरीराला धडा आठवतो, पण काही महिन्यांनी सरसर म्हणता येत नाही. त्यात ओमायक्रॉन म्हणजे प्रश्न थोडा फिरवून विचारल्यासारखा. म्हणून लस घेऊनही कोविड झाला, तो अनेकांना झाला. पण म्हाताऱ्या माणसांना ऑक्सिजनपर्यंत जाऊ न देण्याचं काम त्या उजळणीने केलं. अप्पांना २०२३ मध्ये कोविड झाला होता, आठवतं? चार दिवस खोकला, आणि पाचव्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली.

आता माझं सांगते, कारण तुला शिकवायच्या आधी मला हे कबूल करायला हवं. २०२१ च्या एप्रिलमध्ये एक निरोप फिरत होता: पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस बायकांनी लस घेऊ नये. खाली कुण्या डॉक्टरचं नाव. मी तो खात्री न करता मामेबहिणीला पाठवला, काळजीपोटीच. तिने हातात आलेला स्लॉट सोडून दिला. निरोप खोटा असल्याचं सरकारने लगेच जाहीर केलं, पण तिला परत स्लॉट मिळेना. मे महिन्यात ती आठ दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली. तिने मला आजवर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मीच नंतर तिच्यासमोर बसून सांगितलं, की माझं चुकलं. तेव्हापासून मी आरोग्याचा एकही निरोप पुढे पाठवत नाही, माझ्या भावाने पाठवला तरी.

दुसरी चूक आईच्या वेळची. तिसऱ्या डोसला ती तयारच होईना. मी तिला आकडे सांगितले, ओमायक्रॉन सांगितला, शेवटी आवाज चढवला. ती मान खाली घालून पोळ्या लाटत राहिली. दोन दिवसांनी भांडी पुसताना मी सहज विचारलं, ‘आई, नेमकी कसली भीती वाटते गं?’ तर म्हणाली, ‘मागल्या खेपेला दोन दिवस तापाने फणफणले होते. आता तसं झालं तर तुझ्या बाबांना इन्सुलिन कोण टोचणार?’ लशीबद्दल तिचं काही म्हणणंच नव्हतं! मी दोन दिवसांची रजा टाकून राहायला गेले. एक रात्र तिचं अंग दुखलं, मी मऊ भात केला, बाबांना इन्सुलिन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. हा प्रश्न मी आधीच विचारला असता तर तिच्यावर ओरडावं लागलं नसतं.

आईला डोससाठी नेलं त्या दिवशी केंद्रावरही एक गोष्ट बघितली, ती तुला सांगायचीच आहे. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, आणि आम्ही सहा जण पाऊण तास ताटकळत. एक आजोबा तावातावाने म्हणाले, ‘लस जुनी झालीय, म्हणून देत नाहीत.’ कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात सिस्टर उठल्या, फ्रीजबॉक्समधून कुपी काढून आजोबांच्या डोळ्यांसमोर धरली. ‘आजोबा, ह्यावरची तारीख वाचा. एका कुपीत दहा जणांची लस असते. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. अजून चार जण आले की लगेच उघडते.’ आजोबांनी चष्मा लावून तारीख वाचली. मग स्वतःच खाली जाऊन रस्त्यावरच्या भाजीवाल्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन आले. बघ, एवढंच लागतं. कुणीतरी उठून, न चिडता, दाखवायला हवं.

जबरदस्तीने एवढं होत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन डोस झालेल्यांनाच लोकलमध्ये चढू दिलं, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या दोघींनी निव्वळ पासासाठी लस घेतली. टोचून घेतली, पण मनातली शंका तशीच राहिली, आणि तिसऱ्याला दोघीही गेल्या नाहीत. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सांगितलं, की कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही. लशीनंतर होणाऱ्या त्रासाची माहिती लोकांना बघता यावी, असंही सरकारला बजावलं. मला तो निकाल मनापासून पटला. मी लशीच्या बाजूची आहे, म्हणूनच पटला.

मोठमोठ्या तज्ज्ञांतही यावर वाद झाले, आणि उघड झाले. अमेरिकेत सरकारने बूस्टर सगळ्यांना देणार असं आधी जाहीर करून टाकलं होतं. पण १७ सप्टेंबर २०२१ ला तिथल्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी सोळा वर्षांपुढच्या सरसकट सगळ्यांना बूस्टर द्यायला १६ विरुद्ध २ मतांनी नकार दिला, आणि पासष्टीपुढच्या व जास्त धोका असलेल्यांसाठी एकमताने होकार दिला. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटना श्रीमंत देशांना विनवत होती, की गरीब देशांत पहिला डोस पोचला नाही, तुम्ही तिसरा थांबवा. म्हणजे ‘बूस्टर हवा का’ हा प्रश्न विचारणारी माणसं लशीची वैरी नव्हती. कुणाला हवा, कधी हवा, एवढंच ती विचारत होती. तोच प्रश्न तूही विचार. २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हेच म्हणते: वयस्क, मोठे आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गरोदर बायका आणि आरोग्य कर्मचारी यांचा विचार आधी. धडधाकट तरुणांना त्याची निकड नाही. तुझ्यासाठी आणि अप्पांसाठी उत्तर एकच असेल असं नाही.

म्हणून आता काय करायचं ते ऐक. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. तिथे वीस जण बघत असताना कुणी माघार घेत नाही. नणंदबाईंना फोन कर, आणि आधी त्यांचं ऐकून घे. त्या दूर राहतात, वडिलांच्या आजारपणात त्यांना येता आलं नाही, ते त्यांना आत कुठेतरी टोचत असेल. मग शांतपणे तारखा सांग. अँजिओप्लास्टीचा कागद त्यांना पाठव. नाही पटलं तर तिथेच सोड. तुला कोर्टात उभं केलेलं नाही.

पुढच्या तपासणीला अप्पांसोबत तू स्वतः डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोरच विचार, यांना पुढे कधी कोविडची लस लागेल का, आणि फ्लूची घ्यायची का. अप्पांनाही विचारू दे. शरीर त्यांचं आहे, आणि त्यांना सगळं कळतं. खरं तर तू एकदा त्यांनाच विचारून बघ, त्या दिवशी तुम्हाला मी नेलं की तुम्ही स्वतः आलात. मला आठवतंय, तू सांगितलं होतंस, सकाळी सातला टोपी घालून तेच दारात उभे होते.

आणि त्यांच्या तिन्ही डोसचं प्रमाणपत्र शोधून हृदयाच्या फायलीत लावून ठेव. छापील सापडलं नाही तर त्यांचं जुनं सिमकार्ड शोध, कोविनवरची नोंदणी त्याच नंबरवर केली होती. संध्याकाळी फोन कर, मी घरीच आहे.