बेचिराख गाव आणि पांढरीची माती

आपल्यापैकी जी मंडळी खेड्यात वाढली, त्यांना काळी आणि पांढरी हे शब्द समजावून सांगायला नकोत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. चुलीची राख, शेणसारवण, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून गावाखालची जमीन पांढरट होते आणि उंचही होत जाते. गाव उठले तरी हे टेकाड राहते.

जुन्या सरकारी दप्तरात अशा उठलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणत. या शब्दाचा राखेशी संबंध नाही. फारसीत चिराग म्हणजे दिवा. जिथे सांजेला दिवा लागत नाही ते बेचिराख. दुर्गादेवीच्या दुष्काळात गावेच्या गावे अशी झाल्याचे आपण ऐकत आलो. पण दिवा विझायला दुष्काळच पडावा लागतो असे नाही.

मी सध्या मुलाकडे बहारीनमधील अराद येथे राहतो. इथला किल्ला पंधराव्या शतकातला, चौकोनी, चारही कोपऱ्यांना गोल बुरूज असलेला. 1984 ते 1987 या काळात तो दुरुस्त केला, तेव्हा प्रवाळी दगड, चुना आणि खजुराचे ओंडके हे जुनेच सामान वापरले, सिमेंट टाळले. आपल्याकडच्या जीर्णोद्धार समित्यांनी हे अवश्य पाहावे! किल्ला पाहायला सगळेच येतात. मला मात्र याच मुहर्रक बेटावरच्या समाहीज गावातले एक टेकाड अधिक मोलाचे वाटते.

ते तिथल्या कब्रस्तानात आहे. 2019 पासून ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठ आणि बहारीनचे पुरातत्त्व खाते यांनी मिळून तिथे उत्खनन केले. खाली आठ खोल्यांची मोठी वास्तू निघाली. स्वयंपाकघरात चुलींच्या बैठका, धान्य व पाणी साठवण्याच्या जागा, पंगतीची खोली. चुन्यात घडवलेले तीन क्रूस सापडल्याने ती ख्रिस्ती लोकांची होती हे ठरले. काळ चौथ्या शतकाच्या मध्यापासून आठव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. पुढे इथल्या लोकांनी इस्लाम स्वीकारला आणि ती वास्तू रिकामी झाली, असे अभ्यासक मानतात.

सुताच्या चात्या, तांब्याच्या सुया, इराणच्या सासानी राजांची बारा तांब्याची नाणी असे बरेच काही मिळाले. त्यातच लाल अकीकाचे मणी होते आणि हिंदुस्थानातून आलेल्या मडक्यांची खापरे होती. या खापरांमुळेच तिथल्या लोकांचा आपल्याकडच्या मुलखाशी व्यापार होता हे कळते. सोने सापडले असते तर त्याचा गवगवा झाला असता, पण इतके कळले नसते.

आता आपल्याकडची गोष्ट. पांढरीची माती खत म्हणून चांगली, म्हणून लोक टेकाडे खणून गाड्या भरून शेतात नेतात. गेल्या कित्येक पिढ्यांत अशी किती गावे पिकात मिसळली असतील! खापर, मणी, चुलीची जागा एकदा हलली की कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा हे कुणालाच सांगता येत नाही. मग जाणकार आले तरी त्यांच्या हाती नुसती खापरेच उरतात.

आपल्या मूळ गावाशेजारी असे टेकाड असेल तर नातवंडांना ते दाखवा आणि भावकीला माती नेऊ देऊ नका. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा 1878 चा कायदा आहे. मात्र खापरासाठी कायद्याची वाट पाहू नका. तालुक्याच्या कचेरीत किंवा जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांना सांगा, आणि तोवर ते जागेवरच राहू द्या.