काळी पाचचा हट्ट सोड

चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड

चि. भाचेबुवांस,


यंदाच्या सप्ताहात तू पुन्हा कीर्तनात चाल म्हणणार, ही बातमी गावभर झाली. तुझी आई खुशीत आहे. मंडळी पत्रिकेवर तुझ्या नावाआधी ‘एकेकाळचे बालगायक’ छापायचं म्हणतात. ते छापू देऊ नकोस. एवढं सांगायलाच पत्र लिहितोय.

‘लहानपणी काय गायचा!’ हे तुला पारावर, हॉटेलात, पंगतीत ऐकू येईलच. त्या लहानपणच्या पोराशी चढाओढ लावलीस की हरलास. आवाज फुटतो म्हणजे स्वरतंतू लांब आणि जाड होतात. पुरुषाचा गळा साधारण सप्तकभर खाली येतो. तरी परवा फोनवर तू काळी पाचच्या जुन्या उंच पट्टीतच गायलास, अन् अंतऱ्यात दमलास. पेटीवाल्याला काळी एक धरायला सांग. वरच्या षड्जाला ओढाताण झाली तर पांढरी एक. पट्टी उतरवण्यात कमीपणा कसला? बोंड फुटल्यावर कपाशीकडं फुलाचा रंग मागत नाहीत.

कुमार गंधर्वांचं बघ. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली, जन्म 1924 चा. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून तो पोरवयातच जशाच्या तशा गायचा. लोक थक्क व्हायचे, पण ते गाणं दुसऱ्यांचं होतं. मुंबईत देवधर मास्तरांकडं शिक्षण झालं, नाव झालं आणि ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं. 1948 मध्ये ते माळव्यातल्या देवासला गेले. एक फुप्फुस निकामी झालं, गाणं काही वर्षं बंद. त्या काळात कान मात्र जागा होता. तिथल्या बायकांची गाणी त्यांनी मनात साठवली. मैफलीत परतले ते जुनी करामत दाखवायला नव्हे. लहान, टोकदार स्वरवाक्यं आणि त्यांच्या मधली थांबण्याची जागा, यांतूनच त्यांची गायकी उभी राहिली. लोकधुनांमधून नवे राग निघाले. 1965 मध्ये ‘अनुपरागविलास’ हे बंदिशींचं पुस्तक आलं.

नोकरीत वर्षं गेली म्हणून कुढतोस, तर वसंतराव देशपांडे आठव. 1935 च्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटात ते बाळकृष्ण होते. पुढं कितीतरी वर्षं लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातले खाँसाहेब झाले तेव्हा, 1967 मध्ये, चाळिशी केव्हाच उलटली होती.

तुझीही मधली वर्षं वाया गेली नाहीत. पोरपणी तू चाल मी शिकवली तशी म्हणायचास. अभंगात काय आहे ते तुला ठाऊक नव्हतं. मधे घर चालवलंस, बाप गमावलास. आता शब्द कळतील, आणि एखाद्या शब्दावर ताना न घेता नुसतं थांबताही येईल.

तेव्हा असं कर. रोज पहाटे अर्धा तास फक्त खर्ज. अभंग दोनच निवड, पण तोंडपाठ नको, समजून घे. तुझ्या जुन्या कॅसेटी ऐकू नकोस. सप्ताहाला पहिल्या दिवशीच ये आणि आधी हरिपाठात टाळ घेऊन मागं उभा राहा. दोन दिवस साथ कर, मृदंगाची लय अंगात मुरू दे, मग पुढं हो. कुणी ‘पहिल्यासारखं नाही’ म्हणालं तर ‘नाहीच’ म्हण आणि पुढची चाल धर.

पत्रिकेचा मजकूर शुक्रवारी छापायला जाईल. नुसतं नाव लिहायचं, हे मंडळींना तू स्वतः सांग.

तुझा,
मामा