‘फक्त बिअर’ म्हणजे नेमकी किती?

आरोग्याच्या या पानासाठी एका आईने प्रश्न पाठवला आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर छोट्या ब्रुअरीत जातो आणि तिथे चार-पाच प्रकारच्या बिअर चाखतो. आईने टोकले तर म्हणतो, “आई, ही दारू नाही, फक्त बिअर आहे. ताजी असते, त्यात केमिकल नसते, आणि ग्लास तर एवढासा असतो.” आई विचारते, यात खरे किती?

प्रश्न एका घराचा नाही. पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतर पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांत अशी ठिकाणे वाढत गेली. आपली शिकलेली, कमावती मुले-मुली तिथे जातात. त्यांना नुसते ‘वाईट आहे’ सांगून भागत नाही. ते काय आहे, हे आधी आपल्याला कळले पाहिजे. म्हणून या वेळचा पाठ बिअरचा, त्यातही कडक ‘एल’चा.

एल कशी तयार होते?

बिअरला चार गोष्टी लागतात : सातू म्हणजे बार्ली, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट. नाचणीला मोड आणून आपण सत्त्व करतो, तसे सातूला मोड आणून वाळवतात. तो झाला माल्ट. माल्ट भरडून साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअस गरम पाण्यात ठेवला की त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. हे गोड पाणी गाळून, हॉप्स घालून उकळतात. हॉप्समुळे कडू चव आणि वास येतो. पाणी थंड झाले की यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि दोन गोष्टी बाहेर टाकते : कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल. थंड तापमानात सावकाश आंबवली तर लागर होते. त्यापेक्षा उबदार तापमानात, साधारण 15 ते 25 अंशांत आंबवली तर एल.

आता ‘कडक’ कशी होते ते पाहा. तेवढ्याच पाण्यात माल्ट जास्त घातला, वर साखर घातली, तर यीस्टला खायला जास्त मिळते आणि अल्कोहोलही जास्त होते. साध्या बिअरमध्ये ते 4-5 टक्के असते. कडक एलमध्ये 8, 10, कधी 11 टक्क्यांवर जाते. म्हणजे अल्कोहोल बाहेरून ओतलेले नसते, हे खरे. पण यीस्टने केलेले अल्कोहोल आणि देशी दारूच्या भट्टीतले इथाइल अल्कोहोल हा एकच पदार्थ आहे. यकृत दोघांत फरक करत नाही.

बेल्जियमचे उदाहरण

कडक एलसाठी जगात बेल्जियमचे नाव घेतात. तिथे ट्रॅपिस्ट पंथाचे ख्रिस्ती साधू मठात बिअर तयार करतात. वेस्टव्लेटेरेन गावाच्या सेंट सिक्स्टस मठाची स्थापना 1831 ची. तिथली ब्रुअरी छोटी आहे. मठाच्या खर्चापुरतीच बिअर करायची, मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवायचे नाही, असा त्यांचा नियम. 2005 च्या सुमारास जगभरच्या बिअरशौकिनांनी तिथल्या ‘12’ नावाच्या बिअरला जगातली सर्वोत्तम ठरवले आणि मठाच्या दारात गाड्यांच्या रांगा लागल्या. तिथे तीन प्रकार होतात. ‘ब्लॉन्ड’ 5.8 टक्के, ‘8’ मध्ये 8 टक्के आणि ‘12’ मध्ये 10.2 टक्के अल्कोहोल. मठासमोरच्या उपाहारगृहात ही बिअर चाखायला मिळते.

बेल्जियममध्ये कडक बिअर वाढण्यामागे एक कायदाही आहे. मजुरांचे दारूपायी होणारे नुकसान थांबवावे म्हणून समाजवादी नेते एमिल व्हँडरवेल्ड यांच्या पुढाकाराने 1919 साली गुत्त्यांत जिनसारखी कडक दारू विकायला बंदी झाली. हेतू चांगला होता. पण बिअर त्या बंदीतून मोकळी राहिली, आणि पिणाऱ्यांची गरज ओळखून बिअरच कडक होऊ लागली. बाटलीवरचे नाव बदलले, आतले अल्कोहोल राहिले.

याच पंथाच्या वेस्टमाले मठाची ‘ट्रिपल’ 9.5 टक्क्यांची आहे आणि जगभर विकली जाते. पण साधूंच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर पूर्वापार असते ती 4.8 टक्क्यांची हलकी ‘एक्स्ट्रा’. कडक बिअर तयार करणारेसुद्धा रोज ती पीत नाहीत, हे आपल्या तरुणांना जरूर सांगावे.

चाखणे म्हणजे पिणेच

बिअर चाखण्याची एक रीत आहे. आधी रंग आणि फेस पाहायचा, मग वास घ्यायचा, मग घोट तोंडात फिरवायचा. कडक एलमध्ये मनुका, खजूर, जळक्या साखरेसारखी चव लागते. हा गोडवाच फसवतो. देशी दारू घशाला जाळते, म्हणून माणूस सावध होतो. दहा टक्क्यांची एल सरबतासारखी उतरते.

वाईन चाखणारे जाणकार घोट थुंकून टाकतात. बिअरमध्ये मात्र शेवटचा कडवटपणा घशाशी कळतो म्हणून घोट गिळायची प्रथा आहे. म्हणजे ‘चाखली’ याचा अर्थ ‘प्यायली’ असाच होतो.

घरी करता येईल असा हिशेब

अल्कोहोल किती गेले हे ग्लासाच्या आकारावरून कळत नाही. त्यासाठी सोपे सूत्र आहे :

मिलिलिटर × टक्के ÷ 100 × 0.8 = अल्कोहोल, ग्रॅममध्ये.

- वेस्टव्लेटेरेनची ‘12’, 330 मिलि : सुमारे 27 ग्रॅम.
- आपल्याकडची 650 मिलिची स्ट्रॉंग बिअर, 8 टक्के : सुमारे 42 ग्रॅम.
- 42.8 टक्के व्हिस्कीचा 60 मिलिचा मोठा पेग : सुमारे 20 ग्रॅम.
- ब्रुअरीतले 100 मिलिचे चार ‘एवढेसे’ ग्लास, 8 टक्के : सुमारे 26 ग्रॅम.

यादी पुन्हा वाचा. स्ट्रॉंग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग. चार छोटे ग्लास म्हणजे एका मोठ्या पेगपेक्षा जास्त. भारतात 5 टक्क्यांच्या वर आणि 8 टक्क्यांपर्यंतच्या बिअरला ‘स्ट्रॉंग’ म्हणतात, आणि आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर याच वर्गातली आहे. ‘फक्त बिअर’ हा शब्द इथेच खोटा पडतो.

निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निपटते. वेस्टव्लेटेरेनच्या तिन्ही बाटल्या एका बैठकीत चाखल्या तर सुमारे 63 ग्रॅम होतात. ते निपटायला सहा ते नऊ तास लागतात. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेळ कमी होत नाही. वाहन चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडायला फार बिअर लागत नाही.

नेहमीचे गैरसमज

*बिअरने मुतखडा पडतो.* बिअर खडा विरघळवत नाही. लघवी जास्त होते, पण नंतर शरीरातले पाणी कमी होते. बिअरमुळे युरिक अॅसिड वाढते. त्यातून संधिवाताचा एक प्रकार आणि युरिक अॅसिडचे खडे होऊ शकतात. खड्यासाठी भरपूर पाणी आणि डॉक्टर.

*ताजी, नैसर्गिक, म्हणून निर्धोक.* शरीरात अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींना इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

*थोडी घेतली तर औषधाला चालते.* मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते. क्षयाची औषधे चालू असतील तर यकृतावर दुहेरी भार पडतो. झोपेच्या गोळ्यांबरोबर श्वास मंदावू शकतो. गरोदरपणात तर एक घोटही नको.

सुरा या शब्दाचा अर्थ

काही जण म्हणतात, पाचव्या शीलात दारू आहे, बिअर कुठे आहे? विनयपिटकात सुरा आणि मेरय यांचे अर्थ दिलेले आहेत. पीठ, भात अशा धान्याच्या पदार्थांपासून किण्व घालून केलेली ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले ते मेरय. सातूच्या धान्यापासून यीस्टने केलेली बिअर यातल्या पहिल्याच शब्दात बसते.

हा नियम ज्या प्रसंगातून झाला तोही लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्थविर सागत यांनी एका भयंकर नागाला वश केले होते. कोसंबीच्या लोकांनी आदराने घरोघरी त्यांच्यासाठी मद्य ठेवले. ते घरोघरी घेत गेले आणि शेवटी नगराच्या वेशीत कोसळले. नागाला जिंकणारा माणूस आता साध्या पाणसापाला तरी जिंकू शकेल का, असे भगवंतांनी भिक्खूंना विचारले. प्रत्येक घरचे थोडेच होते. बेरीज थोडी नव्हती.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेणाऱ्यांच्या घरांत मजुरी गुत्त्यावर जाताना पाहिलेल्या आया होत्या. आज गुत्त्याच्या जागी काचेचे दार आणि वातानुकूलित हॉल आला, इतकाच फरक.

घरात काय करावे?

मुलाशी भांडू नका. वरचे सूत्र त्याच्यासमोर ठेवा आणि त्यालाच हिशेब करू द्या. शिकलेला मुलगा आकडा नाकारत नाही. तो मोकळेपणाने बोलला तर तिथे जाण्याचे कारणही कळेल : एकटेपणा, कामाचा ताण, की मित्रांत वेगळे पडण्याची भीती. मित्रांबरोबर बसून लिंबू-सोडा मागवणे हे धैर्याचे काम आहे. त्याचे कौतुक करा.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. घरात कोणी वर्षानुवर्षे रोज भरपूर पीत असेल, तर त्याला एकदम बंद करायला लावू नका. हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असा जिवावरचा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे. व्यसन हा आजार आहे. उपचार घेण्यात लाज नाही.

लक्षात ठेवा : ग्लास किती लहान आहे ते पाहू नका. टक्के किती, मिलिलिटर किती, आणि बेरीज किती, ते पाहा. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर असे : मुलाचे ‘ताजी आहे’ हे म्हणणे खरे असेल, पण ‘दारू नाही’ हे म्हणणे खरे नाही. आणि सर्वांत सुरक्षित बेरीज शून्य आहे.