शिशाला शरीरात जागा देऊ नका: नागली, तीळ आणि दुधाचा हिशोब

(आरोग्य पाठ: गटाच्या बैठकीत वाचून चर्चा करावी)



आज शिसं या जड धातूबद्दल बोलू. शरीराला शिशाचा काहीच उपयोग नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम, भिंतीच्या जुन्या रंगाचे पोपडे, चकाकीसाठी रंग दिलेली हळद, काही स्वस्त शेंदूर, कथलात शिसं मिसळून केलेली कल्हई, अशा वाटांनी ते घरात येतं. त्रास लगेच दिसत नाही. मुलं अभ्यासात मागे पडतात, रक्त कमी होतं, मोठ्यांचा रक्तदाब वाढतो.

१९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या ३ वर्षांखालील मुलांचं रक्त तपासलं होतं. बहुतेकांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. ५ मायक्रोग्रॅम सापडलं तरी शिसं कुठून येतं ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढे २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, पण बाकीच्या वाटा राहिल्या.

कॅल्शियम काय करतं?

आतड्यातून रक्तात जाताना शिसं आणि कॅल्शियम बऱ्याच अंशी एकच वाट वापरतात. एसटीत सगळ्या सीट भरल्या की नव्या प्रवाशाला जागा मिळत नाही, तसंच हे आहे. जेवणात कॅल्शियम पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं. उपाशीपोटी ते जास्त शोषलं जातं, म्हणून मुलांना न्याहारी दिल्याशिवाय शाळेत पाठवू नका.

बाईसाठी दुसरी गोष्ट महत्त्वाची. शरीरात गेलेलं शिसं हाडात वर्षानुवर्षं साठतं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना आहारात कॅल्शियम कमी पडलं, की शरीर ते हाडातून काढतं. त्याबरोबर साठलेलं शिसंही रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं. मेक्सिकोत गरोदर बायकांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी झालं.

एका दिवसाचा हिशोब

मोठ्या बाईला रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अंदाजे हिशोब असा:

- नागलीच्या २ भाकरी (१०० ग्रॅम पीठ): ३५०
- दूध १ ग्लास: २४०
- शेवग्याच्या पाल्याची भाजी (५० ग्रॅम पाला): १५०
- दही १ वाटी: १२०
- तीळ २ चमचे: १२०

बेरीज ९८०. नागली आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याकडे पिकते. दूध मात्र बहुतेक घरी आधी डेअरीला जातं, उरलेलं पुरुषांच्या चहात आणि मुलांच्या पेल्यात. बाईच्या वाट्याला काही उरत नाही. डेअरीला घालण्याआधी आपला एक ग्लास बाजूला काढायचा, हे घरात ठरवून घ्या.

लक्षात ठेवा

१. आधी शिशाची वाट बंद करा. कॅल्शियम हे शिशावरचं औषध नाही, ते फक्त आधार देतं.
२. कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या. फार चकचकीत हळकुंडं आणि सुटी हळद पूड टाळा.
३. बॅटरी, रंग किंवा भंगाराचं काम करणाऱ्याने घरी येताच कपडे बदलावेत, हात धुवावेत, मगच लेकराला उचलावं.
४. डोहाळे म्हणून माती, पाटीची पेन्सिल खाऊ नका. त्यात शिसं असू शकतं. तसं खावंसं वाटलं तर आशाताईंना सांगा.
५. गरोदरपणातली कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.
६. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या. मनाने गोळ्या सुरू करू नका.

बैठकीत चर्चा

काल मी स्वतः काय खाल्लं? त्यात वरच्या यादीतलं किती होतं? प्रत्येक ताईने बेरीज करून सांगावी, आणि बेरीज कमी निघाली तर उद्यापासून काय वाढवणार तेही सांगावं.